जेल, गादी आणि शिंपीकाकांचा तुकडा

शिक्केसाहेब, शिंपीकाकांच्या लिव्हरच्या तुकड्याची माती तुम्ही केलीत. आणि मेमो ताईला?

प्रयोगशाळेतल्या ताईचा बेत पक्का होता. लिव्हर निबर कसं होतं, ते बघायला ती पेशी बशीत वाढवते. पण लिव्हर मऊ आणि बशीचं प्लास्टिक कडक. कडक तळावर टेकल्या की निरोगी पेशींनाही वाटतं, जखमच झाली आपल्याला! आठवडाभरात त्या आपणहून निबर होतात. मग औषधाची परीक्षा कसली डोंबलाची घेणार? म्हणून या खेपेला बशीत जेलीसारखा मऊ थर. एक जरी पेशी निबर झाली तर नाव बदलीन, असं ताईने सगळ्यांना ऐकवलं होतं.

आपल्या लिव्हरच्या ऑपरेशनमध्ये कापून निघणाऱ्या भागातला चांगला तुकडा तिला द्यायला शिंपीकाकांनी सही केली. म्हणाले, "उरल्या कापडाचा मी रुमाल शिवतो. तुम्ही चिंधी करू नका, ताई."

ताईने महिनाभर आधी तुमच्या खरेदी विभागात अर्ज टाकला : जेलचा थर असलेल्या बारा बशा. अर्ज परत. वर तुमचा शेरा : 'जेल आपल्या खात्यात येत नाही. तुरुंग विभागाला लिहावे.' ताई तणतणत तुमच्यापुढे उभी राहिली, तर तुम्ही मान वर न करता फर्मावलंत, सामान्य माणसाला कळेल असं लिहा. तिने लिहिलं : पेशींसाठी मऊ गादी, नग बारा. त्यावर मात्र शिक्का दणक्यात बसला.

ऑपरेशनच्या दिवशी हमालांनी प्रयोगशाळेत बारा गाद्या आणून टाकल्या. कापसाच्या. सहा बाय तीन.

"कुठे अंथरू, ताई?"

तुकडा बर्फात येऊन पोचला होता. पेशी कुणाच्या शिक्क्यासाठी थांबत नाहीत. ताईने दातओठ खात त्या जुन्याच प्लास्टिकवर घातल्या. आठव्या दिवशी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, तर सगळ्या निबर, हातपाय ताणून दोरखंड वळत बसलेल्या.

काका टाके दाखवायला आले आणि जाता जाता रुमाल झाला का, विचारून गेले. ताईला मान वर करता आली नाही.

मग तुमचा मेमो आला : पेशी निबर कशा झाल्या? कामाच्या जागी गाद्या कशाला? ताईने गाद्या मोजल्या. अकरा. बारावी तुमच्या खुर्चीवर, दुहेरी घडी घालून.

तिने खुलासा लिहिला तो असा :

"पेशी कडक जागी ठेवल्या, म्हणून निबर झाल्या. आपण वीस वर्षं मऊ जागी बसून आहात. आपण कशाने झालात? तीन दिवसांत लेखी उत्तर द्यावे."