सासऱ्यांच्या मोटरीतलं चुंबक

"ठिणगीच नाही!" असं ओरडून ऑर्डेल हॉगेनने दोरी धक्क्यावर आपटली. चौतीस वेळा ओढून त्याचा खांदा निखळायला आला होता, आणि बोटीच्या मागे लटकलेली ती म्हातारी मोटर ढिम्म.

"परवा तळ्यावर जुन्या मोटरींचा मेळावा आहे," इर्मा, त्याची बायको, काठावरून म्हणाली.

"ठाऊक आहे!"

"बाबा परवा शंभर वर्षांचे झाले असते. त्यांची मोटर तळ्याला फेरी मारणार, असं मी सगळ्यांना सांगून बसलेय."

"कुणी सांगितलं होतं सांगायला?"

इर्माने नुसतं मोटरीकडे बोट दाखवलं. ऑर्डेलला जास्तच राग आला, कारण दोष कुणाचा हे दोघांनाही माहीत होतं. हिवाळ्यात रंग द्यायचा म्हणून ऑर्डेलने मोटरीच्या डोक्यावरचं जड चाक हातोडीने ठोकून ठोकून काढलं होतं आणि चार महिने फळीवर तसंच टाकलं होतं. त्या चाकात चुंबक असतं. चाक फिरलं की त्याच्या जोरावर ठिणगी पडते. जुन्या चुंबकाला ठोकलं, उघडं ठेवलं, की त्याचा जीव जातो. हे विस्कॉन्सिनमधल्या आमच्या त्या तळ्यावर शेंबड्या पोरालाही कळतं. ऑर्डेलला कळलं ते आत्ता.

मेलेलं चुंबक पुन्हा भरायचं यंत्र आसपास एकाच माणसाकडे होतं. रोमन यास्कुल्स्की, इर्माचा थोरला भाऊ. वडिलांनी मोटर त्याला न देता इर्माला दिली, तेव्हापासून नऊ वर्षं मेहुण्या-मेहुण्यांत बोलणं बंद होतं.

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार नाही," ऑर्डेल म्हणाला.

"नको ठेवूस. परवा तूच वल्ही मारत फेरी मार, आणि तोंडाने फटफट आवाज काढ."

अर्ध्या तासाने, बोट वल्हवत रोमनच्या धक्क्याला लावून, दोघं ते चाक घेऊन त्याच्या शेडपुढे उभे होते.

"हातोडी?" रोमन बहिणीकडे बघून गरजला. "बाबांच्या मोटरीवर हातोडी? ह्याचं डोकं कुठे ठेवलं होतं, तेही फळीवरच?"

त्याचा चेहरा बीटासारखा लाल झाला. हे बरं नव्हतं. मार्चमध्येच डॉक्टरांनी त्याच्या छातीत पेसमेकर बसवला होता आणि बजावलं होतं, की ते चुंबकाचं यंत्र चालू असताना शेडपासून लांब राहायचं. म्हणून रोमन वीस पावलांवर सफरचंदाच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसला, ऑर्डेल आत यंत्रापाशी राहिला, आणि दोघांचेही कान मोटरींच्या आवाजाने निम्मे गेलेले असल्याने इर्मा मधे दारात उभी राहिली.

"त्या गाढवाला सांग," रोमन ओरडला, "आधी होकायंत्र धरून चाकाची टोकं बघ म्हणावं. उत्तर टोक पांढऱ्या खुणेवर! उलटं बसवलं तर होतं नव्हतं ते सगळं जाईल!"

इर्मा आत वळली. "तो म्हणतोय, टोकं तेवढी बघून घे. उत्तर पांढऱ्या खुणेवर."

"त्याला म्हणावं, चाळीस वर्षं चीजच्या कारखान्यात यंत्रं चालवलीत मी. दिशा शिकवू नकोस!"

इर्मा बाहेर वळली. "तो म्हणतोय, बरं."

ऑर्डेलने होकायंत्राकडे ढुंकूनही न बघता चाक ठेवलं आणि रागारागाने खटका दाबला. यंत्र धप्पकन घुमलं. त्याने चाकाला पाना लावून पाहिला. पाना पडला. खिळा लावला. खिळाही पडला. सकाळी निदान खिळा तरी चिकटत होता.

"काय झालं?" रोमन खुर्चीतून उठला.

"तो विचारतोय, काय झालं?"

"त्याचं यंत्र भंगार आहे, हे झालं!"

"काय म्हणाला?"

"तो म्हणतोय, जमलं नाही."

"उलटं बसवलंन! बसवलंन ना? त्या मूर्खाला बाबांनी बहीण दिली तीच चूक झाली!" रोमन तरातरा शेडकडे निघाला.

"रोमन, मागे हो! छातीत काय आहे विसरलास?"

"येऊ दे त्याला!" आतून ऑर्डेल ओरडला.

आणि मग इर्माचा बांध फुटला.

"गप्प बसा दोघंही!" ती इतक्या जोरात ओरडली की शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं. "तासभर मी तुमच्या शिव्या गाळून तुम्हाला पाजतेय. आता न गाळता ऐका. ऑर्डेल, तो तुला गाढव म्हणाला, आणि बरोबर म्हणाला. रोमन, तो तुझ्या यंत्राला भंगार म्हणतो, पण नऊ वर्षं तोंड फुगवून बसलेला तू त्याहून भंगार आहेस. ऑर्डेल, बाहेर हो. त्याच्याशेजारी जाऊन बस."

"अगं, पण चाक कोण—"

"मी. नऊ वर्षांची असल्यापासून बाबांच्या हाताखाली होकायंत्र धरायचे."

"कधी बोलली नाहीस!"

"तुमच्यापैकी कुणी विचारलं?"

तिने टोकं पाहिली, चाक फिरवून बसवलं, खटका एकदा, दोनदा, तीनदा दाबला. भरलेला जोर निसटू नये म्हणून चाकाच्या पोटात लोखंडी पट्टी आडवी सारली आणि मग ते यंत्रावरून उचललं. पाना असा चिकटला, की सोडवायला दोन्ही हात लावावे लागले.

रोमनच्याच धक्क्यावर तिने पट्टी काढून चाक मोटरीवर चढवलं. दोघं म्हातारे मागून सूचना करत होते. "नट घट्ट कर!" "इतका नको!" तिने वर पाहिलंच नाही. दोरी गुंडाळली आणि एकदा ओढली.

मोटर धडधडली. त्या काळच्या मोटरींना गियर नसतो. सुरू झाली की बोट निघालीच. निळ्या धुराचा लोट सोडत इर्मा तळ्याच्या मध्याकडे गेली.

"परत फिर!" दोघंही ओरडले. तिने हात हलवला. फिरली मात्र नाही.

धक्क्यावर दोघंच उरले. निरोप न्यायला मधे कुणीच नव्हतं.

"टाकीत किती आहे?" रोमनने पाण्याकडे बघत विचारलं.

"भरलेली आहे."

"म्हणजे दीड तास."

"दोन," ऑर्डेल म्हणाला. "बाई जपून चालवते."

"दीड! ती मोटर मला ठाऊक आहे, तुला नाही!"

"दोन! रोज तिच्याशी झटतोय कोण, तू का मी?"

"हेकट नॉर्वेजियन!"

"अडाणी पोलिश!"

एकमेकांच्या आजोबा-पणजोबांचे देशही त्यांनी सोडले नाहीत. नऊ वर्षांत पहिल्यांदाच ते समोरासमोर, मनसोक्त, काही न गाळता भांडले. मोटरीचा आवाज इतका होता की एकमेकांचं ऐकू यायला त्यांना जवळ जवळ सरकावं लागलं.

इर्मा त्यांच्यासमोरून तिसऱ्यांदा गेली, तेव्हा ते एकाच बाकावर बसले होते आणि दोघांचीही बोटं एकमेकांच्या नाकापाशी होती. तिने वेग थोडा कमी केला, पाहिलं, आणि चौथ्या फेरीला लागली.