बहुमताने नसलेले पुस्तक

नंदनवन वस्तीतल्या आमच्या वाचनालयात पूर्वी एकच रजिस्टर होते आणि त्याला सुतळीने बांधलेले एकच पेन. पेन ज्याच्या हाती तो लिहीत असे. बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाचत. एकतीस वर्षे ते रजिस्टर मी सांभाळले. या काळात पेन पुष्कळ बदलली, सुतळी एकदाच. हे मागासलेपण कार्यकारिणीच्या लक्षात मागच्या दिवाळीत आले.

संगणक आला. संघपाल लहानपणी आमच्याकडे गोष्टीची पुस्तके न्यायला येई. आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने एक छोटा डेटाबेस बसवून दिला. त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, सांभाळायला माणूस लागत नाही. सगळे वाचनालय एका फाइलीत मावते.

"वाचा कितीही जण," तो म्हणाला, "पण लिहिणारा एका वेळी एकच. अन् लिहून झालं का सेव्ह करून लगेच बाहेर निघा."

मला हे ओळखीचे वाटले. सुतळी तेवढी दिसत नव्हती.

कार्यकारिणीत आम्ही सात जण. एकानेच लिहिले तर सहांचा अवमान होतो, म्हणून ठरावाने सातही जण नोंदप्रमुख झालो. प्रत्येकाने घरचा लॅपटॉप आणून वाचनालयाच्या संगणकाला जोडला. सचिव मार्तंडराव सकाळी दहाला एक नोंद उघडत, एक अक्षर लिहीत आणि सेव्ह न करता जेवायला घरी जात. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे. उरलेल्या सहा पडद्यांवर दिवसभर एकच सूचना असे: डेटाबेस लॉक आहे.

अशात पायल आली. ती खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीतली. रविवारी तिची वीज केंद्रातल्या तंत्रज्ञाच्या जागेसाठी परीक्षा होती. बॉयलर आणि टर्बाइनवरचे एक जाड पुस्तक तिला हवे होते. ते तिच्याच आजोबांनी, बळीरामजींनी, वाचनालयाला दिलेले. पहिल्या पानावर त्यांची सही होती. पुस्तक टेबलावर, पायलच्या हाताजवळ होते.

"आजी, पुस्तक तं समोरच आहे. द्या नं," ती मला म्हणाली.

"नोंद होऊन नाही राहिली वं पोरी."

"मंग कागदावर लिहून घ्या."

मार्तंडरावांनी चष्मा काढून पुसला. "कागदावरच लिहायचं असतं, तर संगणक कशाला आणला असता?"

पायल दोन बस बदलून परत गेली. दुसऱ्या दिवशी संघपालला बोलावले. त्याने आधी मार्तंडरावांचा पडदा पाहिला.

"काका, तुमची नोंद कालपासून उघडी आहे. बंद करा, सारं सुरू होते."

"मी बंद केली की कार्यकारिणीतल्या शोभाताई उघडतील."

"मंग त्या लिहितीन."

"तेच तर म्हणतो मी."

संघपालने हात जोडले. मग मार्तंडरावांनीच उपाय सुचवला. लॉक असल्यास संगणक पाच सेकंद वाट पाहून सूचना देई; ती वाट चाळीस मिनिटांची करण्यात आली. सूचना दिसेनाशी झाली. नुसते एक चक्र फिरत राहिले. तक्रार निवारण झाल्याची नोंद करायची होती, पण तीही चाळीस मिनिटे थांबली.

गुरुवारी पायल पुन्हा आली. तातडीची सभा भरली. फाइल एक आणि माणसे सात, हाच दोष असल्याचे निष्पन्न झाले. प्रत्येकाला पेन ड्राइव्हवर स्वतंत्र प्रत देण्यात आली.

"असं नका करू," संघपाल म्हणाला. "सात येगयेगळे हिशोब होतीन. त्यातला खरा कोणता?"

"लोकशाही आहे," मार्तंडराव म्हणाले.

शनिवारपर्यंत माझ्या प्रतीत ते पुस्तक कपाटात होते. शोभाताईंच्या प्रतीत ते बळीरामजींनी वाचायला नेलेले होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. एक प्रत कोणीतरी लिहीत असतानाच ओढून घेतली होती, तिच्यात अर्धेच वाचनालय आले. तेव्हा ठराव झाला: सातपैकी निदान चार प्रतींत जे असेल, तेच आहे. हात मीही वर केला. चहा थंड होत होता.

पुस्तक तीन प्रतींत निघाले.

त्या दिवशी पुन्हा आलेली पायल ते छातीशी धरून उभी होती. "म्हणजे हे नाही आहे?"

"कार्यालयीन दृष्ट्या नाही," मार्तंडराव म्हणाले.

तिने पुस्तक पिशवीत टाकले आणि चपला घातल्या.

"अगं, काय घेऊन चाललीस?"

"काय काका? काय घेऊन चालली मी?"

मार्तंडरावांनी सातही पडद्यांकडे पाहिले. आधार सापडला नाही. पायल गेली.

परीक्षेनंतर ती पुस्तक परत करायला आली. अस्तित्वात नसलेले पुस्तक जमा करून घेता येत नाही, असे तिला लेखी कळवण्यात आले.

नियम चांगला चालतो असे पाहून तो पुढच्या महिन्यात सभासदांच्या यादीलाही लावला. माझे नाव तीन प्रतींत निघाले. मी रोज जाते, जुन्या खुर्चीत बसते. कोणी उठवत नाही; जिला उठवायचे, ती नोंदीत नाही.

तुम्ही हसत असाल तर हसा. तुमचेही नाव ठिकठिकाणच्या फाइलींत आहे, असे तुम्ही धरून चालला आहात. किती प्रतींत आहे, ते कधी मोजले होते का?