चौऱ्याण्णव टक्के चरबीमुक्त

माणूस जे खातो त्याने त्याचं वजन वाढत नाही. जे खाताना घरचे बघतात, त्याने वाढतं. पन्नाशी ओलांडलेल्या तमाम नोकरदारांचा हा अनुभव आहे, आणि नाशकात द्वारकेजवळच्या एका सरकारी कार्यालयातले अधीक्षक देवराम गायधनी त्याला अपवाद नव्हते.

रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "गायधनी, तळलेलं बंद. चार किलो तरी उतरवा, नाहीतर मला गोळ्या सुरू कराव्या लागतील." गायधनींनी ही बातमी घरी येऊन अशा आवाजात सांगितली, की शेजारचे दोघं चप्पल काढून भेटायलाच आले.

संध्याकाळी कॉलेजातून येताना मुलीने, वैष्णवीने, मॉलमधून एक पाकीट आणलं. "पप्पा, आता भूक लागली की हेच खायचं. लो-फॅट मायक्रोवेव्ह पॉपकॉर्न. चौऱ्याण्णव टक्के फॅट-फ्री."

"मग उरलेले सहा टक्के?" गायधनींनी चष्मा वर केला. "ते वेगळे काढता येतात का?"

हयातभर शासनाची परिपत्रकं वाचलेल्या माणसाने ते पाकीट वाचलं. अख्खं धान्य, भरपूर तंतू, एका वेळच्या खाण्यात उष्मांक अगदी किरकोळ. (एका वेळचं खाणं म्हणजे पाकिटाचा तिसरा हिस्सा. पण फोडलेलं पाकीट सादळतं, आणि अन्न वाया घालवणं आपल्या संस्कृतीत बसत नाही.) मिठाचा आकडा मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत होता. जे चष्म्यानेही दिसत नाही ते बंधनकारक नसतं, असा नोकरीतला दंडक त्यांनी इथेही लावला.

सुलाबाईंनी मूठभर तोंडात टाकून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, ह्यानं पोट कसं भरायचं? निम्मी तर हवाच हाय."

"हवेत चरबी नसते," गायधनी शांतपणे म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांच्या आहारात शिस्त आली. पॉपकॉर्न खाल्ल्याने जी चरबी पोटात गेली नाही, ती कुठेतरी शिल्लक राहिलीच असणार; आणि शिल्लक वेळेत खर्ची पडली नाही तर परत जाते. म्हणून रविवारी ते मिसळीवर वरून दोनदा तर्री घेऊ लागले. यात जिभेचे चोचले नव्हते. ते समायोजन होतं.

पुढे ही शिस्त कार्यालयात शिरली. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी काहीतरी करा, असं वरून आलंच होतं. गायधनींचं ऐकून कार्यालयप्रमुख साहेबांनी चार वाजताची भजी बंद केली, मायक्रोवेव्ह आणवला आणि शिपाई केरू याला त्याचा चार्ज दिला. पाकीट फुगू लागलं, की मजलाभर लोण्याचा वास सुटे. पाकिटात लोणी नव्हतं, फक्त वास होता. कार्यालयाला ते काही नवीन नव्हतं. तिथे कामाचाही नुसता वासच असे.

दर पाकिटात काही दाणे शेवटपर्यंत फुटत नसत. इतरांइतकीच उष्णता, तेवढाच वेळ, तरी ते तळाशी जसेच्या तसे. कर्मचाऱ्यांना या दाण्यांविषयी विशेष आपुलकी वाटे.

महिनाभराने वजनं घेतली, तर सगळ्यांची वाढलेली. (चारला पॉपकॉर्न खाल्लेला माणूस पाचला भज्यांच्या गाड्यावर निर्मळ मनाने उभा राहतो.) साहेबांनी चौकशी करून काटा सदोष ठरवला आणि आढाव्यासाठी वरच्या अधिकाऱ्यांना बोलावलं. बोलायला अर्थातच गायधनी उभे राहिले.

"पॉपकॉर्न हे निव्वळ खाणं नाही," त्यांनी एक मूठ तोंडात टाकली, "ती एक वृत्ती आहे..."

तेवढ्यात कट्ट असा आवाज झाला.

न फुटलेला दाणा दाढेखाली आला होता. दाणा शाबूत राहिला, दाढ उभी चिरली. गायधनींनी गालावर हात दाबला, डोळ्यांत पाणी आलं, आणि पुढची चार वाक्यं त्यांनी हुंदक्यात पुरी केली. आरोग्याची एवढी तळमळ वरच्या अधिकाऱ्यांनी आजवर पाहिली नव्हती. त्यांनी उठून टाळ्या वाजवल्या.

दाढ वाचली नाही. जखम चिघळली, तोंड उघडेना. मग सुरू झाली तांदळाची पेज आणि वरणाचं पाणी. कधी नव्हे ते गायधनी गप्प झाले. रविवारी जिन्यातून मिसळीचा वास आला, की भिंतीकडे तोंड करून पडायचे. सुलाबाई वाटी घेऊन बसायच्या.

"दोन चमचे घ्या ना. पातळ केलीय."

"नको."

"लहान पोरासारखं करू नका. आ करा." आणि त्या पदराने त्यांची हनुवटी पुसायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात बायको आपल्याकडे इतका वेळ बघते, हे गायधनींना पहिल्यांदाच कळलं. पेज मात्र आवडली नाही ती नाहीच.

पुन्हा डॉक्टरांकडे गेले तेव्हा वजन सहा किलोंनी उतरलं होतं. रिपोर्ट देखणा.

"कमाल केलीत!" डॉक्टर म्हणाले. "कशाने झालं हे?"

गायधनींनी सुलाबाईंकडे पाहिलं. सुलाबाईंनी छताकडे.

"पॉपकॉर्नने," गायधनी म्हणाले.

यात खोटं एक अक्षर नव्हतं. झालं ते पॉपकॉर्ननेच.

कार्यालयाने शाल आणि श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. (श्रीफळ सुलाबाईंनी किसून, बारीक वाटून त्यांना दिलं.) इतर कार्यालयांनीही हा उपक्रम राबवावा, असं पत्र निघालं, आणि शहरभर मायक्रोवेव्ह फिरू लागले.

ही हकीकत आजवर ज्यांना ज्यांना सांगितली, ते पोट धरून हसले. मग डोळे पुसून, जरा जवळ सरकून, प्रत्येकाने हळूच विचारलं, "पण पाकीट कोणत्या कंपनीचं म्हणालात?" दाढ कशी आहे, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही तसे नाही, याची खात्री आहे. तुम्ही आधी दाढेचं विचारलं असतं.