हार घातलेल्या कॉम्प्युटरचं प्रकरण

मालोजीराव घरत यांच्याबद्दल मालोजीराव घरत यांचं मत फार चांगलं होतं. खालापूर आणि कर्जत असे दोन तालुके पालथे घातले तरी आपल्यासारखा माणूस सापडायचा नाही, हे ते स्वतःच सांगून टाकत. ऐकणाऱ्याला दुसरीकडे चौकशी करायची गरजच उरत नसे.

"दुरुस्ती करणारे गल्लोगल्ली आहेत, वहिनी," ते म्हणत. "मी दुरुस्ती करत नाही. मी तपास करतो. यंत्र आपणहून बिघडत नसतं. कुणीतरी ते बिघडवतं. मी त्या कुणीतरीच्या मागावर असतो."

कार्डावर त्यांनी 'संगणक गुप्तहेर' असं छापून घेतलं होतं आणि खाली भिंगाचं चित्र. हाती घेतलेल्या प्रत्येक प्रकरणाचा छडा त्यांनी लावला होता. यंत्रं तेवढी चालू झाली नव्हती.

ही ओळख ते दर वेळी कळंबला सासुरवाडीच्या उंबऱ्यात उभे राहून करून देत, आणि जागृती दर वेळी पाण्याचा तांब्या हातात धरून ऐकून घेई. मालोजीराव म्हणजे तिच्या नणंदेचे, भाग्यश्रीचे यजमान. घरचे जावई. जावयाचं बोलणं मध्ये तोडायची या घरात रीत नव्हती, आणि जावयाचं बोलणं आपणहून संपेल अशी सोय देवाने केलेली नव्हती.

या खेपेला मात्र जागृतीचा जीव खरंच टांगणीला लागला होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटर चालू केला, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोनच ओळी आल्या: सुरू व्हायला डिस्क सापडत नाही, योग्य डिस्क घाला आणि कळ दाबा. तिने कळ दाबली. त्याच दोन ओळी पुन्हा. बंद करून चालू केला. त्याच ओळी.

त्या कॉम्प्युटरवर ती गावातल्या हळदीच्या आणि बारशाच्या पत्रिका बनवायची, तिची तान्ही लेक रिया दुपारची झोपली की तेवढ्यात. पत्रिका काय, पुन्हा करता आल्या असत्या. पण रियाचे फोटोही त्यातच होते. फोन पळसदरीच्या धरणात पडला तेव्हापासून ते दुसरीकडे कुठेच नव्हते. रिया पहिल्यांदा पालथी पडली तो फोटो, पहिला दात, आणि एक एवढासा व्हिडिओ. त्यात दिसत काहीच नव्हतं, नुसतं छत हलत होतं, पण रिया आयुष्यात पहिल्यांदा खळखळून हसली ते त्यात ऐकू यायचं. ते हसू आता त्या डिस्कमध्ये होतं आणि डिस्क सापडत नव्हती.

"कर्जतच्या ओमकारला बोलावू का?" तिने सासूबाईंना विचारलं होतं. "स्टेशनजवळ दुकान आहे त्याचं."

कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेल्या आनंदीबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "घरचा जावई त्यातला म्होरक्या, नि आमी बाहेरचा मानूस आनायचा? भाग्यश्रीनं सासरी तोंड कसं दाखवायचं गं?"

जागृतीने नवऱ्याकडे पाहिलं. हर्षद खोपोलीच्या कंपनीत पाळीला निघाला होता. तो बूट घालण्यात एकदम गुंतून गेला.

आणि मालोजीराव आले.

आल्या आल्या त्यांनी कॉम्प्युटरसमोर उभं राहून आधी हात जोडले. दसऱ्याला घरात कोयत्या-विळ्यांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा झाली होती. त्याच्या पेटीला समोरून झेंडूचा लठ्ठ हार आणि आपट्याची पानं, वरून हळदकुंकू. सगळं अजून जागच्या जागी होतं.

"भावोजी, हार काढून समोरून बघता का जरा?" जागृती म्हणाली.

"हाराला हात लावायचा नाय," स्वयंपाकघरातून आवाज आला. "पूजा झालीया. वाळल्याबिगर हार काढायचा नाय. आनि काढायचा तर ज्यानं घातला त्यानंच."

"मामींचं बरोबर आहे," मालोजीराव म्हणाले. "घटनास्थळावरची वस्तू हलवायची नसते." आणि त्यांनी हाराकडे पाठ केली.

"मागच्या खेपेला काही झालं असेल का?" जागृतीने जपून विचारलं. गणपतीत मालोजीराव असेच येऊन मशीनचा वेग वाढवून गेले होते. आपल्या पेन ड्राइव्हमधून त्यांनी त्यात काय काय भरलं, आणि उठताना छाती फुगवून म्हणाले होते, "आता हे यंत्र चालू होताना आधी माझ्या पेन ड्राइव्हला सलाम करील. तो नसला तरच स्वतःच्या डिस्ककडे वळेल." मग तोच पेन ड्राइव्ह पुसून त्यात आरत्या भरल्या, गौरीच्या रात्री सगळ्यांना ऐकवल्या आणि निघताना तो हरवला.

"मागची खेप काढू नका," मालोजीराव दुखावल्या आवाजात म्हणाले. "माझा पेन ड्राइव्ह त्या वेळी चोरीला गेला. ते प्रकरण स्वतंत्रपणे चालू आहे."

त्यांनी पडद्यावरच्या ओळी वाचल्या. पुन्हा वाचल्या. "डिस्क सापडत नाही. याचा अर्थ सरळ आहे. अपहरण."

पेटीची बाजूची पाटी उघडली. डिस्क आत होती.

"मग अपहरण नाही," जागृती म्हणाली.

"अपहरण झालं होतं. मी निघाल्याची कुणकुण लागली आणि परत आणून ठेवली."

मग त्यांनी स्टीलचा पेला मागवला. जागृतीला वाटलं, पाणी हवं असेल. त्यांनी पेल्याचं बूड डिस्कला आणि तोंड कानाला लावून डोळे मिटले. आतून बारीक घरघर येत होती.

"जिवंत आहे. पण बोलत नाही. हिने काहीतरी पाहिलंय, वहिनी. साक्षीदार घाबरलेला आहे."

"डिस्क कुणाला घाबरणार, भावोजी?"

"तेच तर शोधायचंय." आणि तेवढ्यात त्यांचा आवाज एकदम खाली आला. कीबोर्डच्या फटीत लाल पूड होती. त्यांनी ती चिमटीत धरली, हुंगली आणि उजेडाकडे नेली. "लाल माती. म्हणजे माथेरान. आरोपी वरून उतरलाय. आणि वर गाड्या जात नाहीत, म्हणजे तो घोड्यावरून उतरलाय. दस्तुरीच्या नाक्यावर विचारपूस करावी लागेल."

"कुंकू आहे ते. पूजेचं."

मालोजीरावांनी पूड पुन्हा हुंगली. त्यांना कुठल्याही पुराव्याची अडचण अशी कधी होत नसे. "कुंकू," ते म्हणाले. "मग तर चित्र स्पष्टच झालं. आरोपी सवाष्ण आहे."

जागृतीने मनात हिशेब केला. दोन तालुक्यांतल्या घोडेवाल्यांवरचा संशय तर फिटला होता.

रिया पाळण्यात चुळबुळली. जागृतीने एका हाताने दोरी ओढली. दुसऱ्या हातात ती भावोजींनी परत दिलेला पेला अजून धरून बसली होती.

शेवटी मालोजीरावांनी हात झटकले आणि खुर्चीत मागे टेकून बसले. "वहिनी, मन घट्ट करा. डिस्क बिथरली आहे. सगळं पुसून नव्याने भरावं लागेल. फॉरमॅट."

"आणि फोटो?"

"कुठले फोटो?"

"रियाचे."

"जातील," मालोजीराव म्हणाले. "पण मूल तर समोर आहे ना? नवे काढा. मुलं काय, रोज हसतात."

जागृतीने पेला खाली ठेवला, फार सावकाश, कारण जोरात ठेवावासा वाटत होता.

मालोजीरावांनी पिशवीतून नवा कोरा पेन ड्राइव्ह काढला आणि पेटीच्या मागे डोकावले. मागच्या सगळ्या फटींत वायरी होत्या. "पुढून लावावा लागेल. मामी, हार तेवढा काढा."

आनंदीबाई आल्या, त्यांनी हार बोटांनी चाचपला. "वाळलाय म्हना आता. पन आधी जेवून घ्या. बोंबलाचं कालवन निवतंय. पुसायचं ते पोटात अन्न घालून पुसा."

एवढं मात्र जावयाला पटलं. त्यांचं जेवण होईपर्यंत जागृती पाळण्यापाशी बसून राहिली. काय करता येईल याचा ती विचार करत होती. वायर कापावी, फ्यूज काढावा, नाहीतर भावोजींना आणखी दोन भाकऱ्या वाढाव्यात. तिसरा उपाय तिने करून पाहिला. मालोजीरावांनी त्या भाकऱ्याही खाल्ल्या आणि हात धुवायला मागीलदारी गेले.

आनंदीबाईंनी पेटीवर अक्षता टाकल्या, नमस्कार केला आणि हार उचलला. तो निघेना.

"अडकलाय मेला," म्हणत त्यांनी हिसका दिला. हार हातात आला आणि हाराबरोबर काहीतरी काळं, बोटाएवढं, हळदीने माखलेलं.

"हे काय, आई?"

"खुंटी गं. या पेटीला हार अडकवायला काय बी नाय, सगळी कशी गुळगुळीत. नवरात्राच्या साफसफाईत दिवानाखाली ही गावली. पुढं फट हाय ना, तिच्यात बसली बरोबर. देवानंच करून धाडल्यावानी."

जागृतीने खुंटी पदराने पुसली. हळदीखालून पांढऱ्या रंगाने लिहिलेली अक्षरं निघाली: मा. घ.

भावोजींचा चोरीला गेलेला पेन ड्राइव्ह. बिचारं मशीन. सांगितल्याप्रमाणे रोज आधी भावोजींच्या पेन ड्राइव्हला सलाम करत होतं, गौरीच्या आरत्यांमध्ये सुरू व्हायची डिस्क शोधत होतं, आणि सापडत नाही म्हणून इमानदारीने सांगत होतं. आणि सगळे त्याच्या आत डोकावत होते, कारण बाहेर हार होता.

तिने बटण दाबलं. पडदा काळा झाला, मग निळा, आणि मग त्यावर रिया आली, तोंडभर नाचणीची पेज फासलेली.

आनंदीबाईंनी पडद्याकडे पाहिलं, हातातल्या हाराकडे पाहिलं. त्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण घरातलं सगळं कळत होतं. "माज्या खुंटीनं झालं व्हय गं हे?" त्या हळूच म्हणाल्या.

"नाही, आई. खुंटी चांगली होती," जागृती म्हणाली, आणि तिने मूठ मिटली.

नॅपकिनला हात पुसत मालोजीराव आत आले आणि थबकले. पडद्यावरची रिया त्यांच्याकडे बघत होती. कुणी काही बोलायच्या आत त्यांचा चेहरा उजळला.

"पाहिलंत? फॉरमॅटची मी नुसती धमकी दिली होती. यंत्राला विचार करायला वेळ दिला, जेवायला बसलो, आणि यंत्राने कबुली दिली." त्यांनी नवा पेन ड्राइव्ह पिशवीत टाकला. "याला मानसिक दबाव म्हणतात."

"तुमची कमालच आहे," जागृती म्हणाली.

आनंदीबाईंनी निर्माल्य पदराखाली घेतलं आणि जावयाला चहा टाकायला गेल्या.

स्कूटरला किक मारता मारता मालोजीराव थांबले. "वहिनी, एकच शल्य आहे. माझा तो पेन ड्राइव्ह. पण आज माझी खात्री पटली. हे सगळं एकाच हाताचं काम आहे. ज्या बाईने यंत्र बंद पाडलं, तिनेच माझा पेन ड्राइव्ह उचलला. शब्द लिहून ठेवा. चोर सवाष्ण आहे."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा तर्क अक्षर न् अक्षर बरोबर आला होता. जागृतीने रियाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, आणि मिटलेली मूठ तिच्या झबल्याखाली नेली.

"असेल, भावोजी," ती म्हणाली. "तुम्ही तपास सोडू नका."

स्कूटर वळणाआड गेल्यावर ती कॉम्प्युटरपाशी बसली. मुठीतल्या पेन ड्राइव्हवर आरत्या होत्या तशा ठेवून तिने त्यांच्या शेजारी रियाचे सगळे फोटो उतरवून घेतले, आणि शेवटी तो व्हिडिओ लावला. छत हललं. मांडीवरची रिया आपलं जुनं हसू कान देऊन ऐकत राहिली.

मग ती खुंटी जागृतीने देव्हाऱ्यातल्या कुंकवाच्या करंड्यात ठेवली, जिथे कुठलाही जावई हात घालत नाही.

"पुढल्या दसऱ्याला हार कशाला अडकवू मग?" आनंदीबाईंनी विचारलं.

"मी भिंतीला खिळा ठोकून देते, आई."