दोन तास काही खाऊ नका

डॉक्टरबाईंनी त्या आठवड्यात घरात, दवाखान्यात, जिन्यात भेटेल त्याला एकच गोष्ट ऐकवली होती : फोनवर बोटं झिजवायचे दिवस संपले. लेकीनं त्यांना बोलून लिहायला शिकवलं होतं. माइकच्या चित्रावर बोट ठेवायचं, बोलत राहायचं, शब्द आपोआप उमटतात. शेवटी पाठवायचं बटण दाबलं की काम फत्ते.

“माझे दोन्ही हात दिवसभर लोकांच्या तोंडात,” त्या म्हणायच्या. “जीभ तेवढी मोकळी असते. आता तिलाही कामाला लावलं.”

ती जीभ बिनकामाची बसली आहे असा एकही दिवस गल्लीत कुणाला आठवत नव्हता. पण दातांच्या डॉक्टरशी वाकडं कोण घेणार?

दवाखाना अरुंद गल्लीत, तळमजल्यावर, आणि दारासमोर खड्डा. पाण्याच्या नळासाठी खणला, वर सिमेंट लावलं, ते खचलं, आणि पुन्हा तिकडे कुणी फिरकलं नाही. दात दाखवायला आलेली माणसं घोटा चोळत आत येत. एका आजोबांची कवळी शिंकेसरशी त्यात पडली तेव्हा डॉक्टरबाई स्वतः गुडघे टेकून ती शोधत होत्या. तक्रार करावी तर यजमान आडवे येत. ते पालिकेत, पाणी खात्यातच नोकरीला.

“अगं, खणलाय आमच्याच खात्यानं,” ते काकुळतीला येऊन म्हणायचे. “तुझी तक्रार फिरून माझ्याच टेबलावर येणार. बायकोला काय लेखी खुलासा पाठवू?”

त्या दिवशी सकाळी नगरसेवकांनी गल्लीच्या ग्रुपवर स्वतःचा फोटो टाकला. पांढरेशुभ्र कपडे, जोडलेले हात, आणि खाली ओळ : आपल्या सूचना मोकळेपणानं कळवा. डॉक्टरबाईंनी तो पाहिला तेव्हा खुर्चीत गाडी शिकवणारे मास्तर आडवे झाले होते. खालची उजवीकडची दाढ काढायची होती. इंजेक्शन देऊन झालं होतं, गाल बधिर व्हायला थोडा वेळ होता. वेळ वाया घालवणं बाईंच्या रक्तात नव्हतं. त्यांनी फोन ट्रेवर उभा केला, माइक लावला आणि खणखणीत आवाजात खड्ड्याबद्दल दोन वाक्यं सांगितली. सभ्य, मुद्देसूद. मग मदतनीस मावशींना म्हणाल्या, “बटण दाबा मावशी, ते हिरवं,” आणि मास्तरांकडे वळल्या.

मावशींनी बटण दाबलं. पण हातात रबरी मोजे, तेही ओले. फोननं काही दाद दिली नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, अंगठ्यानं दाबून पाहिलं, तेवढ्यात बाईंनी हाक मारली, “मावशी, नळी धरा,” आणि मावशी मास्तरांच्या तोंडातली लाळ ओढायची नळी धरायला धावल्या. माइक चालूच राहिला.

आता डॉक्टरबाईंची आणखी एक सवय सांगायला हवी. त्या दातांबद्दल माणसांबद्दल बोलावं तसं बोलायच्या. किडलेल्या दाढेला त्या ‘महाशय’ म्हणत. पेशंटचं लक्ष दुखण्यावरून उडतं, असं त्यांचं म्हणणं.

दाढ निघाली. मास्तर गालात कापूस दाबून घरी गेले. मावशी कामाला चोख. मोजे काढल्यावर त्यांनी पाहिलं, ते बटण अजून तिथंच आहे. त्यांनी ते कोरड्या बोटानं व्यवस्थित दाबलं.

दुपारी बाई चहाला बसल्या तेव्हा फोन टेबलावर थरथरत सरकत होता. “बघा मावशी,” त्या खूश होऊन म्हणाल्या, “नीट शब्दांत मांडलं की लोकांना पटतं.” आणि त्यांनी आपलाच संदेश उघडला.

‘नमस्कार साहेब दवाखान्यासमोरचा खड्डा बरेच महिने तसाच आहे वयस्क माणसं पडतात कृपया लक्ष घालावं ही विनंती बटण दाबा मावशी ते हिरवं मावशी नळी धरा हं आता घाबरायचं नाही आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही नुसतं बोलत राहिलात म्हणून ही वेळ आली महाशय बाहेरून पांढरेशुभ्र आतून पार किडलेत मागच्या वेळी हे भरलं कुणी नुसतं वरवर सिमेंट थापलंय आत सगळी घाण तशीच असल्या कामाचे पैसे घेववतात तरी कसे आता भरून उपयोग नाही मुळापासून उपटायलाच हवं शेजारचे दोघंही हलायला लागलेत पण त्यांचं नंतर बघू थुंका जोरात थुंका अजून थुंका आला बघा निघाला किती वर्षं रुतून बसला होता आता घरी जा आणि निदान दोन तास काही खाऊ नका जमेल ना’

चहाचा कप बाईंच्या ओठांपर्यंत आला होता, तो तिथंच थांबला. मावशींना वाटलं, बाईंना झटका आला. त्यांनी पाठ चोळायला घेतली.

ग्रुप पेटला होता. इतकी वर्षं कुणाची हिंमत झाली नाही, आज एका बाईनं तोंडावर सुनावलं, असं एकानं लिहिलं होतं. ‘दोन तास काही खाऊ नका’ ही ओळ तर लोकांनी आपापल्या फोटोखाली लावून टाकली होती. एका निवृत्त प्राध्यापकांनी ‘बटण दाबा मावशी’चा अर्थही उलगडून दाखवला होता : सामान्य स्त्रीनं मतदानाचं बटण जाणीवपूर्वक दाबावं, असं डॉक्टरांना सुचवायचं आहे.

तेवढ्यात यजमानांचा फोन आला. ते कुजबुजत होते.

“तू नगरसेवक साहेबांना थुंका म्हणालीस?”

“अहो, ते मास्तरांना.”

“सगळं ऑफिस वाचतंय. शिपायानं माझ्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि खांद्यावर हात ठेवून गेला. माझी बदली कुठं होईल सांगता येत नाही. तू ते पुसून टाक.”

पुसून काय उपयोग? संदेश केव्हाच शेजारच्या तीन गल्ल्यांत पोचला होता. बाईंनी एकेक अक्षर तपासून खुलासा लिहिला : ‘वरील मजकूर माझ्या पेशंटसाठी होता. गैरसमज नसावा.’

लगेच उत्तर आलं : ‘साहेब पेशंटच आहेत. उपचार थांबवू नका.’

बाईंनी पुन्हा लिहिलं : ‘कृपया समजून घ्या. मी दाढेबद्दल बोलत होते.’

‘रक्त लागलेल्या दाढेबद्दलच ना? समजलं, डॉक्टर.’

बाईंनी फोन उपडा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं वाटलं की आपण बोलू तेवढं रुतत जाऊ.

आता एकच साक्षीदार उरला होता. त्यांनी मास्तरांना फोन लावला. मास्तर भला माणूस. गाल अजून बधिर, तोंडात कापूस, तरी त्यांनी ताबडतोब ग्रुपवर आवाजी निरोप टाकला. त्यांना म्हणायचं होतं, साहेबांचा काही संबंध नाही, ती माझी दाढ होती. ऐकू आलं ते असं : “आहेबांआ हाही हंबंध आही. ही आही हाह ओही.” एवढ्यानं विश्वास बसायचा नाही म्हणून पुरावा म्हणून त्यांनी सुजलेल्या गालाचा फोटोही जोडला.

गल्ली हादरली. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, मास्तरांना कुणी मारलं? डॉक्टरांची बाजू घेतली म्हणून म्हाताऱ्या माणसाची ही गत केली, असं लोक एकमेकांना सांगू लागले. मास्तरांच्या घरी फळं पोचली, जी त्यांना चावता येत नव्हती. दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि त्यात एकाचाही दात दुखत नव्हता. कुणाला कचऱ्याचं सांगायचं होतं, कुणाला गटाराचं. एक बाई तेवढ्या खरोखरची दाढदुखी घेऊन आल्या होत्या, तर त्यांना लोकांनी रांगेत मागं ढकललं. “तुमचं वैयक्तिक आहे,” कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नगरसेवक स्वतः आले. एकटे. पांढरे कपडे होते, हात मात्र जोडलेले नव्हते. बाकावरची माणसं आपोआप उभी राहिली. ते कुणाकडे न बघता आत गेले, मावशींना बाहेर जायला सांगितलं आणि खुर्चीत आडवे झाले.

“पेशंट म्हणून आलोय,” ते म्हणाले.

बाईंनी छोटा आरसा हातात घेतला. यजमानांची बदली त्यांना डोळ्यांसमोर दिसत होती, कुठल्यातरी लांबच्या पंपावर, एकटा दिवा, एकटी खाट. “साहेब, मला तुम्हाला आधी एक सांगायचंय.”

“मला आधी सांगा, सिमेंटचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुठल्या सिमेंटचं?”

“वरवर थापलेल्या.” त्यांनी मान वळवून दाराकडे पाहिलं. “आणि शेजारच्या वॉर्डातल्या दोघांचं? आम्ही तिघांनी त्या कामाचे पैसे वाटून घेतले, हे आमच्या बायकांनासुद्धा माहीत नाही. काल दोघांचे फोन आले. तुम्ही म्हणता तसेच हललेत ते.”

बाई गार पडल्या. समोर एक माणूस तोंड उघडून पडला होता, बोलत होता, आणि त्यांना एक शब्द सुचत नव्हता. असं उभ्या कारकिर्दीत झालं नव्हतं.

मग त्यांनी जीव एकवटला. “साहेब, देवाशपथ सांगते, ती दाढ होती. गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची. मी रोज सगळ्यांशी असंच बोलते.” नगरसेवकांच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. म्हणून बाईंनी कपाट उघडलं, कालची दाढ बाटलीत ठेवलेली होती ती काढली आणि त्यांच्या नाकासमोर धरली. दोन्ही मुळांसकट, एका बाजूनं काळी. “ही बघा. मुळापासून उपटली.”

नगरसेवकांनी बाटलीकडे पाहिलं. मग बाईंकडे. मग पुन्हा बाटलीकडे.

“समजलो,” ते हळूच म्हणाले. “दाढ. बरोबर. यापुढं आपण दाढच म्हणू.”

“अहो, म्हणू काय, ती आहेच दाढ.”

“तेच म्हणतो मी. दाढ नीट भरून मिळेल, डॉक्टर. आतून साफ करून.” ते खुर्चीतून उतरले, बाहेर बाकाजवळ थांबले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “डॉक्टरांनी माझे डोळे उघडले.”

“दात तपासायला आले होते ना?” मावशींनी आत येऊन विचारलं. बाई बाटली हातात धरून तशाच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं आली, खडी आली, दाबायचं यंत्र आलं. खड्डा खालपासून उकरून असा भरला की त्या एका तुकड्यावर गाडी कधी गेली ते कळेना, पुढचा रस्ता लागल्यावरच कळे. मास्तरांचा गाल उतरला, जीभ वळायला लागली, आणि त्यांनी घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं. लोकांनी त्यांचा हात हातात घेतला. “दबाव आहे तुमच्यावर, आम्हाला कळतं,” ते म्हणाले. आठवडा उलटायच्या आत ग्रुप एका हरवलेल्या मांजरीवरून भांडायला लागला आणि डॉक्टरबाईंना वाटलं, सुटलो.

मग एका संध्याकाळी यजमान घरी आले ते बूट न काढताच खुर्चीवर बसले.

“बदली?” बाईंनी विचारलं.

“नाही. नगरसेवक साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला चहा दिला. बिस्किटं दिली.” ते स्वतःशीच बोलावं तसं बोलत होते. “म्हणाले, वहिनींना विचारा, आणखी कुठली दाढ त्रास देतेय का?”

“अहो, हे फार झालं. उद्या जा आणि त्यांना स्पष्ट सांगा की—”

बाई खिडकीशी उभ्या होत्या. खाली गल्लीच्या टोकाला, डाव्या कोपऱ्यावरच्या खांबावर, वर्षभर बंद पडलेला दिवा होता. त्याच्याखालून एक म्हातारी भिंत चाचपत चालली होती. बाईंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. यजमानांनी इतक्या वर्षांच्या संसारात त्यांना बोलण्याआधी विचार करताना प्रथमच पाहिलं, आणि ते घाबरले.

“सांगा त्यांना,” बाई शेवटी म्हणाल्या, यजमानांकडे न बघता. “वरची आहे. डाव्या कोपऱ्यातली. रात्री फार त्रास होतो.”