कोकिळाचं लिंबू आणि पंचायतीची नाली

पाणी कुणाचं ऐकत नाही म्हणतात. माझं ऐकेल, अशी माझी खात्री होती. पस्तीस वर्षं मी पोस्टमन होतो. आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीत, कोणतं दार उंच, कोणतं सखल, हे माझ्या गुडघ्यांना पाठ आहे.

भानगड मीच सुरू केली होती. दर पावसाळ्यात माझ्या फाटकापुढे तळं साचतं, म्हणून ग्रामपंचायतीत नालीसाठी पहिला अर्ज माझाच. दरवर्षी एक असे चार अर्ज झाल्यावर नकाशा आला. त्यात नाली बरोबर फाटकाजवळच्या कागदी लिंबूच्या झाडातून जात होती.

ते झाड कोकिळानं, माझ्या बायकोनं लावलेलं. तिला जाऊन आठ महिने झाले. आता झाडही जाणार, या विचारानं माझं जेवण सुटलं.

नालीच्या इंजिनिअर, जागृती मॅडम, वर्ध्याहून पाहणीला येणार होत्या. पाणी कुठं साचतं ते पाहून लाइन पक्की करू, असं त्यांनी कळवलं होतं. मे महिन्यात पाणी कुठलं? म्हणून मी बेत केला. कोपऱ्यावरच्या हापशीजवळ माझ्या टाकीचं पाणी सोडायचं. उतार समोरच्या मोतीलालच्या घराकडे दिसतो. पाणी तिकडे जाईल, मागोमाग नालीही जाईल, झाड वाचेल.

मॅडम आल्या. मी पाइप हापशीपाशी नेला आणि तोटी सोडली.

"नळ आले!" कोणीतरी ओरडलं. पाच मिनिटांत गल्लीतल्या बाया पाणी भरायचे पितळी गुंड घेऊन हजर.

"श्रावणभाऊ, सरका ना जरा."

"अवं बाई, हे तपासणीचं पाणी होय."

"असू द्या. आमी तपासूनच भरतो."

अर्धी टाकी गुंडांत गेली. तेवढ्यात मोतीलालला माझा बेत कळला.

"भाऊ, पाणी माह्या दारात काऊन ढकलून राह्यले?"

"मी कुठं ढकलतो? उतारच तसा हाय."

"मंग पाहूच," म्हणून त्यानं घरातल्या दोन भरलेल्या बादल्या आणून तिथंच ओतल्या.

पाणी दोन पावलं त्याच्या दाराकडे गेलं. माझा जीव भांड्यात पडला. मग ते थबकलं, रस्त्याच्या मुरमात शिरलं आणि पलीकडे थेट लिंबूच्या आळ्यात निघालं. रजिस्टर टपालसुद्धा मी इतकं बिनचूक पोचवलं नव्हतं.

मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. मी त्यांच्या वहीपुढे जाऊन उभा राहिलो.

"मॅडम, अर्ज मागे घेतो. झाड राहू द्या, तळंही राहू द्या. आमी पोहत जाऊ."

"तुमी पोहा," मोतीलाल म्हणाला, "मले पोहता येत नाई."

मॅडमचं लक्ष नव्हतं. त्या चपलेनं मुरूम उकरत होत्या. खाली एक उलटं कवेलू, छपरावरचं कौल, निघालं. मग दुसरं. मग हापशीपासून लिंबूपर्यंत ओळच.

"हे कोणी केलं?"

शेजारच्या सीताबाईंनी गुंड खाली ठेवला. "कोकिळानं. भाऊ ड्युटीवर गेले का मी कवेलू देओ, ती मांडे. हापशीचं पाणी फुकट जाते, झाडाले तरी जाऊ दे म्हणे. पावसाचंही मंग तिकूनच येऊ लागलं."

"अन् मले कोणी सांगतलं नाई?"

"तिनंच म्हटलं, त्याहिले सांगू नोको, ते अर्ज करतीन."

सगळी गल्ली हसली. मी लिंबूकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं मी बायकोविरुद्धच अर्ज करत होतो, आणि पेन दर वेळी तीच शोधून देत होती.

मॅडमनी सांगितलं, कवेलू काढा, मुरूम दाबा, पाणी आपोआप गल्लीच्या टोकाच्या नाल्याला जाईल. या गल्लीला नाली नको.

"मंग झाडाले पाणी कोण घालन?" सीताबाईंनी विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

पुढच्या ग्रामसभेत ठराव झाला: श्रावणभाऊंनी झाडाला रोज दोन बादल्या पाणी घालावं. सूचक मोतीलाल, अनुमोदक सीताबाई. कोकिळा अठरा वर्षं हेच सांगत होती. मी एकदाही घातलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी नळ आले नाहीत, हापशी आटलेली आणि माझी टाकी कोरडी. बादली घेऊन मोतीलालच्या दारात उभा राहिलो.

तो म्हणाला, "अर्ज आणला काय?"