साउंडवाले बाळारामदादा

बाळाराम उतेकर कुणाच्याही घरी गेले की चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवतात. एकच, पण खणखणीत. मग मान जरा वाकडी करून, डोळे मिटून, ती टाळी कुठे कुठे आपटून परत येते ते ऐकतात. त्यानंतर नमस्कार, पाणी, चौकशी वगैरे.

आमच्या आळीत एकांचे वडील गेले तेव्हा लोक भेटायला येऊन भिंतीला टेकून गप्प बसले होते. दादा दारात आले आणि टाळी! थोरल्या सुनेच्या हातून पाण्याचा तांब्याच सुटला. दादा मात्र शांतपणे जाऊन बसले आणि थोड्या वेळाने घरच्या मुलाच्या कानाशी लागले, “हॉल लय घुमतो रे. तेराव्याला गुरुजींचा एक शब्द कळायचा नाय. सतरंज्या टाक.” मुलाने टाकल्या.

माझं महाडला चष्म्यांचं दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी दादा पहिल्यांदा आले ते जवळचं दिसत नाही म्हणून. आल्या आल्या टाळी वाजवली आणि म्हणाले, “चारी बाजूंनी काचा. गिऱ्हाईक बोललं की त्याचंच बोलणं त्याच्या अंगावर येतंय. म्हणून लवकर उठतंय.” मला राग आला होता. तरी चार दिवसांनी मी एका भिंतीला जाड पडदा लावला, आणि माणसं खरोखरच निवांत बसू लागली. तेव्हापासून माझा त्यांच्यावर विश्वास.

दादा मूळचे पोलादपूरकडच्या उमरठच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. तीस वर्षं मुंबईत ऑर्केस्ट्रांचं साउंड सांभाळलं आणि गुडघे बोलायला लागल्यावर गावी परतले. घरी चार शेळ्या, थोडी नाचणी. हे सगळं मला त्यांच्या चष्म्याचा नंबर काढताना कळलं. त्याच वेळी माझ्या तोंडून निघून गेलं, की आमचा एक छोटा बँड आहे आणि तो बुडायच्या बेतात आहे.

आम्ही चौघं. संदीप गातो, योगेश ड्रम वाजवतो, प्राची कीबोर्ड आणि मी गिटार. पोलादपूरच्या अलीकडे हायवेला लागून एक गार्डन हॉटेल आहे. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला फॅमिली, वर पत्रा. दर शनिवारी संध्याकाळी तिथे आम्ही वाजवायचो. कशेडी घाट उतरून आलेली मुंबईची मंडळी जेवायला थांबायची आणि आमचं पहिलं गाणं संपेपर्यंत गाडीत जाऊन बसायची. हॉटेलचे मालक अण्णा सोशिक माणूस. पण एका शनिवारी गिऱ्हाइकाने जादा प्लेट मागितली आणि वेटरने पापलेट तळून आणलं. गिऱ्हाईक भडकलं, वेटरने आमच्याकडे बोट दाखवलं. अण्णा म्हणाले, “पुढचा शनिवार वाजवा. मग बघू.” ‘मग बघू’चा अर्थ आम्हाला कळत होता.

पुढच्या शनिवारी दादा दुपारीच हॉटेलवर हजर झाले. पत्र्याखाली टाळी वाजवली आणि पत्र्याच्या कडेकडेने एक फेरी मारली. मग म्हणाले, “वाजवा.”

आम्ही वाजवलं. अर्ध्या गाण्यात त्यांनी हात वर केला.

“चौघं एकाच दारातनं एकदम भायेर पडायला बघताय. अडकणारच. पयला कमी करा.”

“किती कमी करू?” मी विचारलं.

“लाज वाटंल इतका.”

‘कमी करा’ हा दादांचा मंत्रच आहे. चहात साखर असो, भाषण असो, नाहीतर संदीपच्या शर्टावरची फुलं.

मग त्यांनी एकेकाला धरलं. माझा गिटारचा स्पीकर जमिनीवर असायचा. “तुझं गुडघं ऐकतात काय रे?” म्हणत त्यांनी तो सोड्याच्या क्रेटवर तिरपा ठेवला, तोंड थेट माझ्या कानाकडे. पहिल्यांदाच मला माझी गिटार नीट ऐकू आली आणि मी निम्मा आवाज आपणहून उतरवला. प्राचीला म्हणाले, “पोरी, डावा हात जरा मांडीवर ठेव. खालचे सूर आधीच लय झालेत, गाळ साचलाय.” योगेशच्या काठ्या त्यांनी काढून घेतल्या आणि स्वयंपाकघरामागच्या खराट्याचे हीर उपसून, सुतळीने बांधून, दोन जुड्या त्याच्या हातात दिल्या. योगेशचं तोंड पडलं.

“दादा, मी काय अंगण झाडायला आलोय?”

“वाजवून तर बघ.”

वाजवल्यावर मात्र त्याने जुड्यांकडे दोनदा बघितलं. ठेका तोच, पण वीट पडल्यासारखा वाजेना.

आमच्या पाठीमागचे मोठे स्पीकर दादांनी पुढे आणून बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून जातील इतके उंच केले. त्याने माइकची शिट्टी थांबली. मागच्या भिंतीवर त्यांनी घरून आणलेल्या चार गोधड्या टांगल्या. अण्णा धावत आले, “अवो, गिऱ्हाईक काय म्हणंल? वाळत घातल्यात म्हणंल!”

“म्हणू दे. म्हटलेलं ऐकू तर येईल,” दादा म्हणाले.

खरी लढाई संदीपशी झाली. त्याला इको अतिशय प्रिय. शिवथरच्या घळीत उभा राहून गातोय असं वाटलं पाहिजे, इतका. दादांनी तो साफ बंद केला. संदीप चिडून माइक ठेवायला निघाला. “दादा, माझा आवाज उघडा पडतो!”

“पडू दे. चांगला हाय. झाकतोस कशाला?”

संदीपला असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तो परत आला, माइकच्या जाळीवरची मूठ खाली घेतली आणि गायला. आम्ही तिघं वाजवता वाजवता एकमेकांकडे बघत राहिलो. चार वर्षं ज्याच्याबरोबर वाजवत होतो, त्याचा आवाज आम्ही त्या दिवशी ऐकला.

त्या संध्याकाळी पाच नंबरच्या टेबलावरच्या एका आजीबाईंनी वेटरकरवी निरोप पाठवला, “दुसरं कडवं परत म्हणा, शब्द छान आहेत.” लोक बोलत होते, जेवत होते, मधेच थांबून ऐकत होते. तीन कुटुंबांनी जेवणानंतर आइस्क्रीम मागवलं. अण्णा आमच्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, “शनिवारी जरा लवकर येत चला.”

तेव्हापासून दादा दर शनिवारी असतात. बसतात मात्र अगदी टोकाला, हात धुवायच्या बेसिनजवळच्या टेबलावर, आमच्याकडे पाठ करून. तिथून नुसता हात वर होतो. दोन बोटं म्हणजे ड्रम कमी, तळवा खाली म्हणजे गिटार कमी, मूठ म्हणजे आता कुणी काही बदलायचं नाही. इतक्या लांब का बसता, असं आम्ही विचारलं, तर “शेवटच्या माणसाला शब्द ऐकू आला पायजे” एवढंच उत्तर. तज्ज्ञ माणूस, म्हणून आम्हीही सोडून दिलं.

गेल्या महिन्यात मधल्या सुट्टीत मी हात धुवायला गेलो. दादांच्या समोर पाण्याच्या जगला टेकवून मोबाईल उभा होता. फोन चालू होता आणि त्यातून एका बाईचा आवाज येत होता.

“आता बोल कळले. मगाशी ते धपधप लय व्हतं.”

दादांनी मला पाहिलं. ओशाळले, पण फोन ठेवला नाही. “घरची हाय,” म्हणाले. “मुंबयला. पोराचं पोर सांभाळते.”

मी नळ सोडून हात धुवायला लागलो. ते फोनवर हात ठेवून, हळू आवाजात म्हणाले, “तीस वर्सं मी तिकडं, ती इकडं. मी आलो तर सूनबाय कामाला लागली, म्हणून ती तिकडं गेली. जल्मभर लोकांच्या पोग्रामांना साउंड दिला. तिनं एक पोग्राम आयकला नाय.”

“मग दर शनिवारी ऐकतात का त्या?”

“पयल्या दिवसापासनं. ती सांगंल तसा मी हात करतो.”

म्हणजे दोन वर्षं आमचा बँड मुंबईतल्या एका घरातून जुळवला जात होता.

फोनमधून आवाज आला, “अवो, गेलाव काय? गाणी झाली. आता तुमी कायतरी बोला की.”

दादांनी मोबाईल जगला पुन्हा नीट टेकवला. चौघांना दरडावून गप्प करणारा माणूस. पण आता ते टेबलावरची मिठाची बाटली इकडची तिकडे करत होते. मी नळ बंद केला. पलीकडे आमच्या ड्रमवर योगेश उगाच काहीतरी बडवत होता, त्याला मी लांबूनच खूण केली. तो थांबला. दादांनी खुर्ची पुढे ओढली आणि तोंड फोनच्या अगदी जवळ नेलं.

“जेवलीस गो?”

“नाय अजून. तुमी?”

“मी पण नाय,” दादा म्हणाले. “थांब, मी ताट मागवतो. तू पण घे वाढून.”

मी परत जाऊन बाकीच्यांना सांगितलं, आज सुट्टी जरा मोठी घेऊ.